नैरोबी ते झांझिबार, जमिनीवरून: पूर्व आफ्रिकेतल्या चार देशांचा बस-रेल्वे प्रवास कसा आखावा

पूर्व आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना मसाई माराची आठवड्याची टूर आठवते. छत उघडणारी जीप, सोबत मराठी टूर मॅनेजर आणि रात्री जेवणात श्रीखंड. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी जरूर तसं जावं. पण केनिया, युगांडा, रवांडा आणि टांझानिया हे चार देश एकमेकांना खेटून आहेत, त्यांच्यामध्ये रोज बसगाड्या धावतात, आणि एसटीच्या लांब पल्ल्याची सवय असलेल्या कुणालाही हा सगळा पट्टा स्वतःच्या हिमतीवर पार करता येतो. हा लेख अशांसाठी आहे.

इथला मार्ग नुसत्या नकाशावर बोट फिरवून ठरवता येत नाही. तो व्हिसा आणि दिवसाचा उजेड या दोन गोष्टींवरून ठरतो. हे दोन्ही धरून आखलं तर बाकीच्या अडचणी किरकोळ असतात.

देशांचा क्रम आधी लावा

केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा मिळून एक ‘पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा’ आहे. फी १०० डॉलर, मुदत ९० दिवस, आणि या तीन देशांत कितीही वेळा ये-जा करता येते. ज्या देशात पहिल्यांदा उतरणार, त्याच देशाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. वेगवेगळं काढलं तर केनियाची प्रवास परवानगी सुमारे ३० डॉलर, युगांडाचा व्हिसा ५०, आणि रवांडाचा ३० दिवसांचा व्हिसा राष्ट्रकुल देश म्हणून भारतीयांना मोफत. म्हणजे नुसत्या फीच्या हिशेबात वेगवेगळं काढणं स्वस्त पडतं, एकत्र व्हिसाचा फायदा पुन्हा पुन्हा ये-जा करण्यात आहे. केनियाने जानेवारी २०२४ पासून जुना व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. एकटा केनिया करायचा असेल तर तेवढी पुरते.

टांझानिया या गटात नाही. त्याचा ५० डॉलरचा ई-व्हिसा वेगळा काढावा लागतो. इथेच बऱ्याच जणांचा बेत फसतो. नैरोबीहून अरुशा जेमतेम २७० किलोमीटर, नमांगाची सीमा सोपी, म्हणून लोक केनियातून टांझानिया उरकून पुन्हा केनियात येऊन युगांडाला जायचं ठरवतात. पण तीन देशांच्या गटाबाहेर पाऊल टाकलं की तो १०० डॉलरचा व्हिसा संपतो, आणि परतताना नव्याने पैसे भरावे लागतात. म्हणून टांझानिया शेवटी ठेवा आणि परतीचं विमान दार-एस-सलामहून घ्या.

क्रम असा लागतो: नैरोबी, नैवाशा, किसुमू, बुसिया सीमा, जिंजा, कंपाला, कबाले, किगाली, रुसुमो सीमा, म्वांझा, अरुशा, मोशी, दार, झांझिबार. याला चार आठवडे तरी हातात हवेत. दोनच आठवडे असतील तर युगांडा-रवांडाचा नाद सोडा आणि नैरोबी, नमांगा, अरुशा, दार, झांझिबार एवढंच नीट करा. चार देशांचे शिक्के मिळवण्यासाठी रोज बसमध्ये बसून राहण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

महिने निवडताना पाऊस बघा. मार्च ते मे मोठा पावसाळा, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास छोटा. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी कोरडे. जुलै ते ऑक्टोबर वाइल्डबीस्ट या हरणवर्गीय प्राण्याचे कळप मसाई मारात असतात, पण तेव्हाच गर्दी आणि दरही चढतात. मारात परदेशी पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर प्रवेश शुल्क आहे, जुलैपासून वर्षअखेरपर्यंत २००.

व्हिसासाठी शोध घेतलात की सरकारी वाटतील अशी दलालांची संकेतस्थळं सर्वांत वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. फी भरण्याआधी पत्त्याच्या शेवटी त्या देशाची सरकारी खूण आहे का ते पाहा. दरही तिथेच तपासा, ते बदलत असतात.

पिवळं कार्ड आणि औषधं

पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय निघू नका. युगांडात प्रवेश करताना तिचं प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळं कार्ड, मागतात, आणि केनियाकडून येणाऱ्यांना टांझानियातही. भारतात परतताना तर ते आणखी महत्त्वाचं आहे. केनिया किंवा युगांडातून आलेल्या माणसाकडे ते नसेल तर आपलंच सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. मुंबईत अशी केंद्रं आहेत, पण वार आणि वेळ ठरलेली असते आणि लशीचा साठा कधी कधी संपतो, म्हणून महिनाभर आधी फोन करा. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतंय ना, हे केंद्रातून बाहेर पडण्याआधी बघा.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, तिथे धोका कमी. किनारपट्टी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मात्र तो चांगलाच असतो. याच सरोवरात पोहू नका, कारण गोगलगायींमार्फत पसरणारा बिलहार्झिया हा परजीवी पाण्यातून कातडीत शिरतो.

प्रवासविमा घेताना विमानाने रुग्णालयात हलवण्याची सोय आहे का ते वाचा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालणाऱ्या अॅमरेफच्या ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ सेवेचं पर्यटकांसाठी अल्पमुदतीचं सदस्यत्वही मिळतं.

बॅग भरताना

सर्वांत आधी घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर काढा. रवांडाने २००८ मध्ये, केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये आणि टांझानियाने जून २०१९ मध्ये त्यांवर बंदी घातली. केनियात कायद्याने जबर दंड आहे, आणि रवांडाच्या सीमेवर बॅगा उघडून पिशव्या काढून घेतात. आपण चिवडा एका पिशवीत, भाकरवडी दुसरीत, ओले कपडे तिसरीत असं भरतो. खाऊ डब्यात न्या आणि कपड्यांना कापडी पिशव्या शिवून घ्या.

केनिया, युगांडा, टांझानियात तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग लागतो, रवांडात दोन गोल पिनांचा. नैरोबी आणि कबालेत रात्री स्वेटर लागतो, ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ या समजुतीवर विसंबू नका. जंगलात गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्से-त्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते आणि चावली की जाम दुखतं. लष्करी छापाचे कपडे तर घरीच ठेवा. युगांडात ते सामान्य माणसाने घालणं गुन्हा आहे.

पैसे

डॉलरच्या नोटा नव्या आणि करकरीत हव्यात. २००९ च्या आधीच्या, फाटलेल्या किंवा पेनाची रेघ असलेल्या नोटा सरळ परत करतात. १०० आणि ५० च्या नोटांना चांगला भाव मिळतो, छोट्या नोटांना कमी. तरी थोड्या छोट्या ठेवा.

रोजच्या खर्चासाठी एटीएममधून स्थानिक पैसे काढणं सोपं. मात्र केनियात रोख रकमेइतकंच एम-पेसा चालतं. २००७ मध्ये सुरू झालेली ही मोबाइलवरची पैशांची सेवा भाजीवालीपासून मटाटूच्या (शेअर व्हॅनच्या) कंडक्टरपर्यंत सगळे वापरतात. आपलं यूपीआय या रस्त्यावर उपयोगाचं नाही. नैरोबी विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि एम-पेसा चालू करून घ्या. युगांडात एमटीएन किंवा एअरटेलचं सिम घ्या.

उजेडाचा नियम

या देशांत रस्त्यावरचा खरा धोका वाघ-सिंहांचा नाही (वाघ तर आफ्रिकेत नाहीतच), रात्रीच्या ट्रकांचा आहे. दिवे नसलेले ट्रक, मध्येच बंद पडलेली वाहनं, आणि थकलेला ड्रायव्हर. नैरोबी-कंपाला रात्रीची थेट बस १२ ते १४ तासांत पोचवते आणि एका मुक्कामाचे पैसे वाचवते. मी तरी ती घेऊ नका असंच सांगेन. त्या बसमुळे रिफ्ट दरी, चहाचे मळे, नाइलचा उगम सगळं अंधारात जातं, शिवाय सीमेवर मध्यरात्री उतरावं लागतं.

हिशेब करताना ताशी ५० किलोमीटर धरा. टांझानियात वस्ती आली की ५० ची मर्यादा आहे, आणि पांढऱ्या गणवेशातले पोलीस रडार घेऊन बसलेले असतात, त्यामुळे चांगल्या रस्त्यावरही सरासरी वाढत नाही. म्हणजे ३५० किलोमीटर हा एका दिवसाचा पुरेसा पल्ला झाला. सकाळी सहा-सातची गाडी पकडायची आणि दुपारी चारच्या आत मुक्कामाला लागायचं.

आता घड्याळ. स्वाहिली बोलणारी माणसं तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तिकीट विकणाऱ्याने ‘सा कुमी ना म्बिली’, म्हणजे बारा, असं सांगितलं किंवा तिकिटावर तसं लिहिलं, तर बस बहुधा सकाळी सहाला सुटणार आहे. प्रत्येक तिकिटावर ‘इंग्रजी वेळ की स्वाहिली वेळ’ हे विचारूनच पैसे द्या. त्यात रवांडाचं घड्याळ इतर तिघांपेक्षा एक तास मागे. युगांडातून रवांडात शिरताना तास मिळतो, रवांडातून टांझानियात जाताना तो जातो, आणि नेमकी पुढची बस त्याच तासात सुटलेली असते.

नैरोबी आणि रेल्वे

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. तिथून मोंबासाला जायचं की नाही, हा प्रश्न पडेल. शेवटी झांझिबार करणार असाल तर किनारा, जुनी अरबी वस्ती, नारळातलं जेवण हे सगळं तिथे मिळतंच. तरीही दोन दिवस असतील तर रेल्वेसाठी जा. मे २०१७ मध्ये सुरू झालेली मदाराका एक्सप्रेस सुमारे ४८० किलोमीटर अंतर पाच-सहा तासांत कापते. इकॉनॉमीचं तिकीट १,५०० शिलिंग, पहिल्या वर्गाचं ४,५००. आरक्षण ऑनलाइन होतं, पण पैसे एम-पेसानेच भरायचे, म्हणून सिम आधी. नैरोबीचं टर्मिनस गावाबाहेर स्योकिमाऊला आहे. जुन्या मध्यवर्ती स्टेशनवरून तिथे लोकल जाते. सामान रांगेत ठेवून कुत्र्यांकडून हुंगवून घेतात, तेव्हा तासभर आधी पोचा. गाडी त्सावोच्या जंगलातून भरावावरून जाते, खिडकीतून लाल मातीत माखलेले हत्ती दिसतात.

जवळूनच जुन्या मीटरगेजचे रूळ जातात. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा ते किसुमू ही रेल्वे टाकायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले होते, त्यांतले जवळपास २,५०० इथेच मेले. १८९८ मध्ये त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांनी पुलाचं काम थांबवलं ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण रोगराईनं त्याहून कितीतरी जास्त माणसं नेली. मोंबासाचा फोर्ट जीझस बघताना गोव्याची आठवण येईल. १५९३ मध्ये बांधायला घेतलेला हा पोर्तुगीज किल्ला गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता, आणि १६९६ ते १६९८ च्या ओमानी वेढ्यात कुमकेसाठी गोव्याकडेच डोळे लागलेले असत.

नैरोबीतून पश्चिमेकडे निघताना पहिला मुक्काम नैवाशाला करा, ९० किलोमीटरवर. इथल्या हेल्स गेट उद्यानात भाड्याची सायकल घेऊन झेब्रा आणि जिराफांमधून फिरता येतं. जीपचा खर्च परवडत नसेल तर हा उत्तम पर्याय. तिथून नाकुरूमार्गे किसुमू. मटाटू भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा अर्धी भरलेली गाडी निवडा, रिकामी नको. पुढचं भाडं काय, हे शेजारच्या प्रवाशाला विचारा आणि कंडक्टरला तेवढेच पैसे सुटे द्या.

बुसिया: सीमा कशी ओलांडतात

पहिली सीमा अंगवळणी पडली की बाकीच्या सोप्या, म्हणून ही जरा सविस्तर सांगतो.

किसुमूहून सव्वाशे किलोमीटरच्या आत बुसिया येतं. रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग सुरू झाली की समजावं, सीमा जवळ आली. गाडी थांबताच खिडकीबाहेर नोटांच्या गड्ड्या घेतलेली माणसं आणि बोडाबोडावाले (भाड्याच्या मोटारसायकलवाले) जमतात. कुणी बॅग उचलायला हात घालतो, कुणी ‘फॉर्म भरून देतो’ म्हणतो. फॉर्मला पैसे लागत नाहीत. बॅग स्वतःच्या खांद्यावर घ्या आणि सरळ चालत राहा.

पुढची गंमत नवख्याला गोंधळात टाकते. तुम्हाला केनियाची इमारत दिसते, पण तिथे कुणी थांबवत नाही. आता इथे दोन्ही देशांचं काम एकाच छताखाली होतं, आणि तेही ज्या देशात शिरणार त्याच्या बाजूला. म्हणून केनियातून निघाल्याचा शिक्का युगांडाच्या इमारतीत मिळतो. आत एका खिडकीवर केनियाचा अधिकारी, शेजारच्या खिडकीवर युगांडाचा. त्याआधी आरोग्य खात्याच्या टेबलावर पिवळं कार्ड दाखवायचं. बोटांचे ठसे, फोटो, ‘कंपालात कुठे राहणार’ हा प्रश्न. पहिल्या दोन रात्रींच्या हॉटेलचं आरक्षण कागदावर छापून ठेवलं की हा प्रश्न लगेच संपतो. दोन्ही शिक्के बसलेत ना आणि तारीख बरोबर आहे ना, हे खिडकीसमोरच बघा. एक शिक्का राहून गेला तर पुढच्या सीमेवर त्याचं उत्तर द्यायला अवघड जातं.

थेट बसने आला असाल तर बस पलीकडे जाऊन उभी राहते. उतरताना तिचा नंबर आणि कंडक्टरचा चेहरा लक्षात ठेवा. एकाच कंपनीच्या दोन-तीन सारख्या बस तिथे ओळीने उभ्या असतात.

नोटा बदलणाऱ्यांकडून फक्त पुढच्या गावापर्यंत पोचण्यापुरते पैसे घ्या. एका केनियन शिलिंगला साधारण २८ युगांडन शिलिंग मिळतात, पण त्या दिवसाचा भाव मोबाइलवर आधीच बघून ठेवा. त्यांच्या कॅल्क्युलेटरवर नाही, स्वतःच्या मोबाइलवर गुणाकार करा. आधी त्यांचे पैसे हातात घेऊन मोजा, मग आपले द्या. ‘एक मिनिट, पुन्हा मोजतो’ म्हणून त्यानं गड्डी परत मागितली तर व्यवहार तिथेच मोडा. आणि सीमेवर, पुलावर, पोलिसांचे फोटो काढू नका. मोबाइल खिशातच बरा.

युगांडा

बुसियाहून जिंजा तीन तासांच्या आत. व्हिक्टोरिया सरोवरातून नाइल इथूनच बाहेर पडते. उगमाजवळ गांधीजींचा अर्धपुतळा आहे, कारण १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित केला होता. होडीवाले पुतळ्याजवळच गाठतात. भाव माणशी की होडीचा, जाण्याचा की परतीसकट, हे चढण्याआधी ठरवा.

कंपालात टॅक्सी म्हणजे मटाटूसारखी व्हॅन, आणि टॅक्सी पार्क हा शेकडो व्हॅन एकमेकींना चिकटून उभ्या असलेला अड्डा. तिथे गाडी शोधण्यापेक्षा गावाचं नाव मोठ्यानं उच्चारा, कुणीतरी हाताला धरून नेतो. शहरात मोटारसायकलची बोडाबोडा सर्वांत लवकर पोचते. त्या गाड्यांमध्ये बजाज बॉक्सर पदोपदी दिसते, तेवढाच पुण्याशी ऋणानुबंध. हेल्मेट मागा, मिळालं नाही तर दुसरा बघा.

कंपाला ते कबाले हा आठ तासांचा पल्ला आहे. सुमारे ७० किलोमीटरवर कयाब्वेला विषुववृत्त लागतं. कबालेहून जवळच बुन्योनी सरोवर. ते बिलहार्झियामुक्त मानलं जातं, त्यामुळे या प्रवासात पोहायची हौस भागवायची ती इथे. दोन दिवस इथे काढाच. गोरिला बघायचे असतील तर याच भागातून ब्विंडीच्या जंगलात जातात. युगांडाचा परवाना ८०० डॉलर, रवांडाचा १,५००. दोन्ही महिनोन्‌महिने आधी काढावे लागतात.

रवांडा

कबालेहून २० किलोमीटरवर कतुना सीमा. पलीकडे गेल्यावर वाहनं उजव्या बाजूने चालतात. पायी रस्ता ओलांडताना आपल्या सवयीने उजवीकडे बघाल आणि गाडी डावीकडून येईल.

इथल्या बस ठरल्या वेळी सुटतात, उभं राहून कुणी जात नाही, तिकीट छापील मिळतं. एकच दिवस लक्षात ठेवायचा: महिन्याचा शेवटचा शनिवार. सकाळी आठ ते अकरा उमुगांडा, म्हणजे सार्वजनिक श्रमदान असतं. दुकानं बंद, वाहतूक जवळपास ठप्प. त्या दिवशी प्रवास ठेवू नका.

किगालीत गिसोझीचं वंशसंहार स्मारक पाहा. १९९४ च्या संहारातले अडीच लाखांहून अधिक मृत तिथे पुरलेले आहेत. अर्धा दिवस राखून ठेवा, त्याच संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. आणि कुणाला ‘तुम्ही हुतू की तुत्सी’ (त्या संहारातले दोन समाज) असं विचारू नका.

रुसुमोवरून टांझानियात

हा या प्रवासातला सर्वांत खडतर टप्पा. किगालीच्या न्याबुगोगो स्थानकावरून पहाटेची बस धरली की तीन-साडेतीन तासांत रुसुमो. कागेरा नदीवरचा पूल, खाली धबधबा. एप्रिल १९९४ मध्ये एका दिवसात सुमारे अडीच लाख निर्वासितांनी ही सीमा ओलांडली होती. पलीकडे शेअर टॅक्सीने बेनाको, तिथून पुढची बस. त्याच दिवशी म्वांझा गाठायचा हट्ट धरू नका, गेइताला मुक्काम करा. पूर्वी म्वांझाच्या अलीकडे फेरीबोटीसाठी तासन्‌तास थांबावं लागे. जून २०२५ मध्ये किगोंगो-बुसिसी पूल सुरू झाल्यापासून तो खोळंबा संपला.

म्वांझाहून अरुशाला जाण्याचे दोन मार्ग. सेरेंगेटीतून जाणारी बस जवळची आणि मोहात पाडणारी, पण परदेशी प्रवाशाला सेरेंगेटी आणि ङोरोङोरो या दोन्ही राखीव जंगलांचं प्रवेश शुल्क भरावं लागतं, तेही बसच्या खिडकीतून बघण्यासाठी. सिंगिडामार्गे जा आणि सिंगिडात रात्र काढा. जंगलात रस नसेल तर सिंगिडाहून डोडोमा गाठा. तिथून जुलै २०२४ पासून विजेवरची रेल्वे धावते आणि चार तासांच्या आत दारला पोचवते.

सफारी करायचीच तर अरुशातून, आणि इतरांबरोबर गाडी वाटून घेऊन. ङोरोङोरोच्या विवरात उतरायला एका गाडीचेच २९५ डॉलर लागतात, माणशी शुल्क वेगळं. ते सहा जणांत वाटलं की सुसह्य होतं. रस्त्यावर गाठणाऱ्या दलालाला आगाऊ रक्कम देऊ नका. कार्यालयात बसून गाडी कोणती, तंबू कुठे, शुल्क धरून की सोडून, हे सगळं लिहून घ्या. तिथून मोशी ८० किलोमीटर. ५,८९५ मीटरचं किलिमांजारो पहाटे दिसतं, नऊपर्यंत ढगांत जातं.

जेवण आणि शाकाहारी मंडळी

इथे उपाशी राहायची वेळ येत नाही. चपाती, समोसा आणि दुधाचा चहा आपल्याच लोकांनी इथे रुजवला, आणि तो आता टपरीटपरीवर मिळतो. केनियात उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. टांझानियात वाली महारागे, म्हणजे साधा राजमा-भात. युगांडात शिजवलेल्या कच्च्या केळ्यांचं मटोके, त्यावर शेंगदाण्याचं कालवण. ते दाण्याच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला लगेच आवडतं. अंडं चालत असेल तर चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, म्हणजे ‘रोलेक्स’, बसच्या खिडकीतूनच घ्या.

‘न्यामा (मांस) नको’ एवढंच सांगितलंत तर ताटात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. तिन्हींची नावं घ्या: न्यामा, कुकू (कोंबडी), समाकी (मासा), काहीच नको. दारमध्ये किसुटू भागात देवळांच्या आसपास शाकाहारी खाणावळी आहेत.

भारतीय म्हणून वावरताना

गोऱ्या पर्यटकाला लोक ‘म्झुंगू’ म्हणतात, आपल्याला ‘मुहिंदी’. बहुतेकांना वाटतं की तुमचं इथेच कुठेतरी दुकान आहे. बसमधल्या एका आजींनी मला विचारलं होतं, ‘हार्डवेअर का कपडे?’ याचा फायदा असा की पर्यटकाचा भाव थोडा कमी लागतो. पण या ओळखीमागे कडू इतिहासही आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांत हाकललं. आशियाई दुकानदार आणि स्थानिक नोकर यांच्या नात्यातला ताण अजूनही बोलण्यात येतो. हॉटेलात, दुकानात, ड्रायव्हरशी आवाज चढवण्याआधी हे आठवावं. वडीलधाऱ्यांना टांझानियात ‘शिकामो’ म्हणा. उत्तरादाखल ‘मराहाबा’ येतं आणि मदत आपसूक मिळते.

मोठ्या ट्रकची टूर घ्यावी का?

वीसेक प्रवासी, तंबू, सामूहिक स्वयंपाक अशा ओव्हरलँड ट्रकच्या टूर नैरोबीहून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. एकट्याने पहिल्यांदाच जाणाऱ्याला सोबत मिळते, उद्यानांचा खर्चही वाटला जातो. जाहिरातीतल्या रकमेशिवाय प्रवासात रोख भरायचा निधी वेगळा असतो, तो आधी विचारा. शाकाहारी असाल तर तेही लेखी कळवा, कारण स्वयंपाक आळीपाळीने सगळ्यांनाच करावा लागतो.

दार आणि झांझिबार

मोशीहून दारच्या बस एम्बेझीच्या मागुफुली टर्मिनलवर पोचतात, शहरापासून बऱ्याच लांब. अंधार पडल्यावर उतरलात तर स्वतःहून अंगावर येणारी टॅक्सी न घेता अॅपवरून मागवा. दिवसा बीआरटी बसने बंदराकडे जाता येतं.

झांझिबारची फेरीबोट सुमारे दोन तासांची. तिकीट कंपनीच्या खिडकीवरच काढा, बंदराबाहेर ‘एजंट’ चिकटतात. एकाच देशाचा भाग असूनही बेटावर उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा तपासतात. ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना बेटाचा स्वतंत्र विमा सक्तीचा आहे, ४४ डॉलर. तुमच्याकडे दुसरा विमा असला तरी तो चालत नाही. निघण्याआधी ऑनलाइन भरा. स्टोन टाउनच्या गल्ल्यांत खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, किनाऱ्यावर काहीही चालतं. फ्रेडी मर्क्युरीचा जन्म याच गावातल्या पारशी घरातला, शाळा मात्र पाचगणीची. संध्याकाळी फोरोधानी बागेत खाण्याच्या गाड्या लागतात. मागवण्याआधी भाव विचारा, आणि उरोजो नावाची आंबट-तिखट भजी-बटाट्याची वाटी चुकवू नका.

समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच दारला परत या. किनाऱ्यावरचे शंख, कवड्या, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नका, विमानतळावर ते काढून घेतात आणि दंडाची बोलणी सुरू होतात. उरलेले टांझानियन शिलिंग तिथेच बदलून घ्या, मुंबईत ते कुणी घेत नाही.